‘विशिष्ट’ म्हणजे किती विशिष्ट?

प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन स्वतंत्र मथळे आपण विद्यार्थ्यांना लिहायला लावतो. बहुतेक विद्यार्थ्यांना ती नुसती शिस्त वाटते. परंतु नामांकित प्रयोगशाळांतही या दोन मथळ्यांमधली रेघ अधूनमधून पुसट होते, आणि तसे झाले की अनेकांच्या कित्येक वर्षांच्या कामाचा अर्थ नव्याने लावावा लागतो. कीटोसिन या रेणूच्या बाबतीत नेमके हेच घडले.

कीटोसिन हा एका बुरशीपासून मिळणारा रेणू. अधिजनुकशास्त्राच्या, म्हणजे एपिजेनेटिक्सच्या प्रयोगशाळांत तो एका विकराचा ‘विशिष्ट रोधक’ म्हणून वापरला गेला. प्रस्तुत लेखात आम्ही या रेणूची कौतुककथा सांगणार नाही. त्याच्यामागे लागलेल्या ‘विशिष्ट’ या एका विशेषणाचे परीक्षण करणार आहोत. हे विशेषण कोणत्या पुराव्यावर मिळाले, तो पुरावा पुरेसा होता का, आणि पुढच्या संशोधकांनी त्याचा वापर कसा केला, हे तीन प्रश्न आमच्यासमोर आहेत.

रिळावरचा धागा

आधी थोडी पार्श्वभूमी. मानवाच्या एका पेशीतील सर्व डीएनए सरळ उलगडून ठेवला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. तो अतिसूक्ष्म केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन रेणूंचे एक रीळ आणि त्याभोवती सुमारे १४७ जोड्यांइतका डीएनएचा धागा, अशी ही रचना आहे. रिळातून हिस्टोनची शेपटे बाहेर डोकावत असतात. या शेपटांवर विकरे छोट्याछोट्या रासायनिक खुणा करतात व पुसतात. त्यांपैकी एक खूण म्हणजे एच३ या हिस्टोनच्या नवव्या अमिनो आम्लावर, लायसिनवर, चिकटवलेले मिथिल गट. ही खूण जेथे दाट असते तेथे धागा घट्ट गुंडाळला जातो आणि तेथील जनुके बहुधा मूक राहतात. ग्रंथालयात पुस्तके तीच असतात, पण कोणते कपाट उघडे आणि कोणते कुलूपबंद यावर वाचकाच्या हाती काय पडेल ते ठरते. अधिजनुकशास्त्र या कुलपांचा अभ्यास करते.

ही कुलपे आहेत याचा सुगावा फार पूर्वी लागला होता. १९३० साली हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांचा मारा करून अशा फळमाश्या मिळवल्या की ज्यांच्या एकाच डोळ्यात लाल व पांढरे असे ठिपके मिसळलेले होते. डोळ्याला रंग देणारे जनुक शाबूत होते. फक्त ते गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते, म्हणून काही पेशींत ते मूक झाले. पुढे असे उत्परिवर्तन शोधण्यात आले की ज्यांच्यामुळे ही ठिपक्यांची नक्षी नाहीशी होऊन डोळा पुन्हा लाल होतो. अशा जनुकांपैकी एकाचे नाव सु(व्हार)३-९. त्याचे मानवातील प्रतिरूप एसयूव्ही३९एच१. २००० साली व्हिएन्ना येथील थॉमस येनुवाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या जनुकापासून तयार होणारे प्रथिन हे विकर असून तेच एच३च्या नवव्या लायसिनवर मिथिल गट चिकटवते. हिस्टोनच्या लायसिनवर मिथिल गट चिकटवणारे हे पहिलेच ज्ञात विकर होते.

एकदा विकर सापडले की ते बंद करणारा रेणू हवासा वाटणे स्वाभाविक आहे. यंत्राचा एखादा भाग कशासाठी आहे हे समजण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो थांबवून पाहणे. शिवाय काही कर्करोगांत ही कुलपे चुकीच्या कपाटांना लागलेली आढळतात. ती उघडणारी किल्ली औषध म्हणूनही उपयोगी पडेल अशी आशा होती.

बुरशीची देणगी

कीटोसिन हा रेणू मात्र या साऱ्याच्या कितीतरी आधीचा. १९७० साली ‘हेल्व्हेटिका किमिका ॲक्टा’ या स्विस नियतकालिकात हाउसर, वेबर आणि सिग यांनी कीटोमियम मिन्युटम या बुरशीपासून तो वेगळा केल्याचे व त्याची रचना उलगडल्याचे प्रसिद्ध केले. कीटोमियम या प्रजातीतील बुरशा सेल्युलोज खाण्यात पटाईत आहेत. ओलसर कागद, कुजका पालापाचोळा, गळक्या घरातील पुठ्ठा ही त्यांची आवडती ठिकाणे.

या रेणूचे सूत्र सी३० एच२८ एन६ ओ६ एस४ असे आहे. शिक्षकांनी येथे शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावे. एका रेणूत गंधकाचे चार अणू आहेत. रेणूचे दोन सारखे अर्धे भाग असून प्रत्येक भागातील एका कड्यावर गंधकाच्या दोन अणूंचा एक पूल आहे. याला डायसल्फाइड पूल म्हणतात. असाच पूल ग्लायोटॉक्सिन या बुरशीजन्य विषातही असतो. आपल्याकडे शेतकरी हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही बुरशी चोळतात. तिच्या काही वाणांकडून ग्लायोटॉक्सिन तयार होते आणि इतर बुरशांना मारण्यात त्याचाही वाटा असतो. तेव्हा हे गंधकाचे पूल शोभेसाठी नाहीत. बुरशीच्या दृष्टीने ते शस्त्र आहे, आणि शस्त्राला फार निवडक असण्याची गरज नसते. ही गोष्ट सुरुवातीसच ध्यानात ठेवली असती तर पुढचा बराच गोंधळ टळला असता, असे आमचे मत आहे.

२००५ चा शोधनिबंध

२००५ साली म्युनिक येथील ॲक्सेल इमहोफ यांच्या गटाने ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे तीन हजार रेणूंच्या संग्रहातून सु(व्हार)३-९ ला रोखणारा रेणू शोधला आणि कीटोसिन हाती लागले. निबंधाच्या मथळ्यातच ‘विशिष्ट रोधक’ असे शब्द होते.

निरीक्षणे अशी होती. फळमाशीतील विकराचे काम निम्म्यावर आणायला सुमारे ०.८ मायक्रोमोलर कीटोसिन पुरले. रेणुभार सुमारे ६९७ धरला तर हे प्रमाण लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे अधिक होते. उंदरातील जी९ए या विकरासाठी २.५ आणि न्यूरोस्पोरा या बुरशीतील डिम-५ या विकरासाठी ३ मायक्रोमोलर लागले. तपासलेल्या इतर काही विकरांवर बऱ्याच मोठ्या मात्रेतही फारसा परिणाम दिसला नाही.

या आकड्यांत खोट काढण्याचा आमचा हेतू नाही. ते प्रामाणिकपणे मांडलेले होते, आणि त्या काळी या विकराला रोखणारा दुसरा रेणूही नव्हता. आमचा आक्षेप आकड्यांवरून काढलेल्या विशेषणाला आहे. साधे गणित करू. ज्या मात्रेला जी९ए निम्मे थांबते, म्हणजे २.५ मायक्रोमोलरला, त्या मात्रेला सु(व्हार)३-९ किती थांबेल? सरळ उलटसुलट बंधनाचे सूत्र वापरले तर २.५ भागिले (२.५ + ०.८), म्हणजे सुमारे ७६ टक्के. एकाचे तीन चतुर्थांश काम थांबवावे तर दुसऱ्याचेही अर्धे थांबते. याला फार तर ‘थोडी अधिक पसंती’ म्हणता येईल. पुढील काळात स्ट्रक्चरल जीनोमिक्स कन्सॉर्शियम या संस्थेने प्रयोगसाधन म्हणून वापरायच्या रेणूंसाठी जे निकष रूढ केले, त्यांत एकाच कुळातील इतर विकरांच्या तुलनेत किमान ३० पट निवडकपणा अपेक्षित आहे. येथे तो तीन-चार पटच होता. मानवात लायसिनवर मिथिल गट चिकटवणारी विकरे सुमारे पन्नास आहेत. त्यांपैकी मोजकीच तपासून ‘विशिष्ट’ म्हणणे म्हणजे वर्गातल्या पन्नास मुलांपैकी पाच-सहा जणांची उंची मोजून ‘हा सर्वांत उंच’ असे जाहीर करण्यासारखे आहे.

गंधकाचा पूल काय करतो

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डायसल्फाइड पूल प्रथिनांतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी सहज अभिक्रिया करतो. सिस्टीन जेथे उघडे असेल तेथे हा पूल तुटून त्याला चिकटू शकतो. एसयूव्ही३९एच१, जी९ए आणि डिम-५ या तिन्ही विकरांत एक समान गोष्ट आहे. त्यांच्या एका भागात सिस्टीनची नऊ अवशिष्टे जस्ताचे तीन अणू धरून ठेवतात. सेट७/९ या त्यांच्या दूरच्या नातलगात मात्र अशी गाठ नाही, आणि त्याच्यावर कीटोसिनचा परिणाम फारसा दिसला नव्हता. याच कुळातील गंधकयुक्त रेणू दुसऱ्या प्रथिनांतून जस्त बाहेर काढतात, असे २००९ साली स्वतंत्रपणे दाखवले गेले आहे. तेव्हा २००५ च्या यादीत दिसलेला ‘निवडकपणा’ विकराच्या क्रियास्थानाच्या घडणीमुळे होता की सिस्टीनच्या सुळसुळाटामुळे, ही शंका रास्त ठरते.

ही शंका बळावणारा पुरावा २०१० साली जपानमधून आला. मिकिको सोदेओका यांच्या गटाने कीटोसिन प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवले. इतकेच नव्हे तर त्याची आरशातील प्रतिमाही घडवली. उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही, त्याप्रमाणे क्रियास्थानात अचूक बसणाऱ्या रेणूची आरसाप्रतिमा सहसा तेथे बसत नाही. परंतु जी९एच्या बाबतीत नैसर्गिक रेणू आणि त्याची आरसाप्रतिमा हे दोघेही प्रभावी रोधक ठरले. आणि गंधक काढून टाकले की रोधकता गेली. कुलपात किल्ली उलटी घातली तरी कुलूप उघडते, तेव्हा ते किल्लीच्या दात्यांनी उघडते आहे यावर विश्वास ठेवणे कठीण होते.

दोन शेजारी, मध्ये भिंत

दरम्यान कर्करोगाच्या औषधांवर काम करणाऱ्यांनी याच रेणूचा स्वतंत्रपणे अभ्यास चालवला होता. २००७ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी कीटोसिन हे मायलोमा या रक्तकर्करोगाच्या पेशींना मारते असे प्रसिद्ध केले. त्याचे कारण म्हणून त्यांनी पेशीतील ऑक्सिडीकरणाचा ताण पुढे केला. २००९ साली त्याच दिशेने पुढे जाऊन, कीटोसिन हे थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या विकराचे खाद्यही आहे आणि स्पर्धक रोधकही, असे दाखवण्यात आले. हे विकर पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या यंत्रणेचा कणा आहे. हिस्टोनशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे २००९ पर्यंत एकाच रेणूच्या दोन ओळखी छापल्या गेल्या होत्या. एका शेजाऱ्याच्या दारावर ‘हिस्टोनविकराचा विशिष्ट रोधक’ अशी पाटी आणि दुसऱ्याच्या दारावर ‘ऑक्सिडीकरणाचा ताण आणणारे विष’ अशी. दोन्ही पाट्या एकाच वेळी वाचणाऱ्याला ताबडतोब प्रश्न पडायला हवा होता. पण विज्ञानाच्या शाखा इतक्या बारीक झाल्या आहेत की शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचायला सवड कोणाला?

२०१३ ची हरकत

२०१३ साली ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’तच लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील मॅथ्यू फुक्टर यांच्या गटाने उघड हरकत घेतली. त्यांच्या निबंधाचा मथळा निःसंदिग्ध होता. कीटोसिन हा हिस्टोनच्या लायसिनवर मिथिल गट चिकटवणाऱ्या विकरांचा विशिष्ट नसलेला रोधक आहे, असे त्यात म्हटले होते. रोधकता गंधकाच्या पुलावर अवलंबून आहे, क्षपणकारक पदार्थ मिसळले की ती नाहीशी होते, रेणू प्रथिनाला सहसंयुज बंधाने कायमचा चिकटतो आणि जितका वेळ जाईल तितकी रोधकता वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ संशोधकांनी त्याच अंकात उत्तर दिले. वाद असा समोरासमोर आणि छापील पानावर व्हावा हे योग्यच झाले.

वेळेचा मुद्दा शिक्षकांनी विशेष समजून घ्यावा. उलटसुलट बंधन असणाऱ्या रोधकासाठी ‘निम्मे काम थांबवणारी मात्रा’ हा आकडा अर्थपूर्ण असतो. पण रेणू कायमचा चिकटत असेल तर पाच मिनिटांनी एक आकडा येतो आणि तासाभराने दुसरा. ‘किती मात्रा’ याबरोबर ‘किती वेळ’ हे सांगितले नाही तर तुलनेला आधार उरत नाही. २००५ च्या निबंधात कीटोसिन हे मिथिल गट पुरवणाऱ्या रेणूशी जागेसाठी स्पर्धा करते असा निष्कर्ष होता. कायमच्या चिकटण्याला अशा विश्लेषणाची नेहमीची गृहीतके लागू पडत नाहीत.

आणि परीक्षानळीत जे घडते ते पेशीत घडेलच असेही नाही. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा क्षपणकारक पदार्थ मिलिमोलर प्रमाणात, म्हणजे प्रयोगात वापरलेल्या कीटोसिनच्या हजारपट किंवा अधिक असतो. तो गंधकाचा पूल तोडतो, ऑक्सिजन तो पुन्हा जोडतो, आणि या ये-जा करण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते. अशा पेशीत जे काही बदलेल त्याचे श्रेय एकाच हिस्टोनविकराला कसे द्यायचे?

आमचा खरा आक्षेप

२००५ च्या निबंधावर आमचा रोष नाही. पहिला प्रयत्न अपुरा असणारच. आमचा आक्षेप नंतरच्या वापराला आहे. अनेक निबंधांतील युक्तिवाद पुढील साच्याचा आढळतो: कीटोसिन दिले, एच३च्या नवव्या लायसिनवरची खूण कमी झाली, पेशीचे वर्तन बदलले, अर्थात एसयूव्ही३९एच१ या विकरामुळे ते वर्तन होत होते. यातील पहिली तीन वाक्ये निरीक्षणे आहेत, आणि ती खरी असू शकतात. चौथे अनुमान आहे. त्याला जो टेकू दिला आहे तो केवळ ‘विशिष्ट’ या शब्दाचा. तो शब्द काढून घ्या, सारा डोलारा लटका पडतो. घराचे मेन स्विच खाली ओढले की पंखा थांबतो. त्याच वेळी स्वयंपाकघरातला दिवाही विझतो. यावरून पंखा दिव्याच्या जोरावर फिरत होता असे कोणी म्हणत नाही.

२०१३ नंतरही हा वापर थांबला नाही, आणि रसायनांच्या विक्रीयाद्यांत कीटोसिनपुढे एसयूव्ही३९एच१चे नाव लागतच राहिले. यामागे कट नाही, सोय आहे. एखादा संशोधक विद्यार्थी मार्गदर्शकाने सांगितलेल्या विकराचा रोधक शोधतो. यादीत नाव सापडते. तुटपुंज्या अनुदानातून काही मिलिग्रॅम मागवले जाते. वर्षभराच्या कामातून आकृत्या मिळतात. मूळ निबंधाचा मथळा उद्धृत होतो, हरकतीचा होत नाही. पणाला काय लागलेले असते? त्या विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे, सार्वजनिक पैसा, आणि ‘या विकराला रोखले की हा आजार आटोक्यात येईल’ अशा निष्कर्षावर उभी राहणारी रुग्णांची आशा.

यावर ‘आम्ही नियंत्रक प्रयोग केले होते’ असे उत्तर मिळू शकते. गंधक नसलेला कीटोसिनचा भाऊबंद दिला, काही झाले नाही, मग झाले ना सिद्ध? नाही झाले. गंधक काढले की विकर रोखण्याचा गुणही जातो आणि ऑक्सिडीकरणाचा ताण आणण्याचा गुणही जातो. दोन संशयितांना एकाच वेळी घराबाहेर काढले आणि चोरी थांबली, तर चोर दोघांतला कोणता हे कळत नाही. चांगल्या नियंत्रक प्रयोगाने दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करायला हव्यात.

खरी कसोटी वेगळी आहे. २००१ सालापासून या विकराची दोन्ही जनुके काढून टाकलेले उंदीर उपलब्ध आहेत. अशा उंदरांच्या पेशींना कीटोसिन द्यावे. जे विकर तेथे नाहीच त्याला रोखण्याचा प्रश्न येत नाही. तरीही पेशीचे वर्तन तसेच बदलले, तर आरोपी दुसराच आहे. याखेरीज, पूर्ण वेगळ्या रचनेच्या दुसऱ्या रोधकाने तोच परिणाम मिळतो का हेही पाहावे. जी९ए या शेजारच्या विकरासाठी २०११ साली यूएनसी०६३८ हा रेणू प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर रचनेने जवळचा पण अत्यंत क्षीण असा जोडीदार रेणूही देण्यात आला, तो नियंत्रक म्हणून वापरण्यासाठी. साधन हाती देताना ते तपासण्याचे साधनही सोबत द्यावे, ही पद्धत आम्हाला आदर्श वाटते.

दुसऱ्या बुरशीची साक्ष

बुरशीजन्य रेणू म्हटले की बेभरवशाचे, असा समज कोणी करून घेऊ नये. ट्रॅपॉक्सिन हाही बुरशीपासून मिळालेला रेणू, आणि तोही आपल्या विकराला कायमचा चिकटतो. हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना तो रोखतो हे ठाऊक झाले होते, पण ते विकर कोणीच शुद्ध स्वरूपात हाती घेतले नव्हते. १९९६ साली स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ट्रॅपॉक्सिनसारखा रेणू घडवून तो एका घन आधारावर बसवला आणि गळाला आमिष लावावे तसा पेशींच्या अर्कात सोडला. गळाला जे प्रथिन लागले ते एचडीएसी१, हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणारे विकर. येथे रेणू कशाला धरतो हे गृहीत धरलेले नव्हते. काय धरले ते बाहेर काढून पाहिले होते. दोन्ही रेणू बुरशीचे, दोन्ही कायमचे चिकटणारे. फरक आहे तो पुराव्यात.

एक गोष्ट बचावाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. विशिष्ट नसणे हा औषधाचा दोषच असतो असे नाही. अनेक उपयुक्त औषधे एकाहून अधिक ठिकाणी काम करतात. कायमचे चिकटणे हाही गुन्हा नव्हे. पेनिसिलिन आणि ॲस्पिरिन दोन्ही आपल्या विकरांशी सहसंयुज बंध जोडतात. कीटोसिन किंवा त्याचा एखादा वंशज उद्या औषध म्हणून उपयोगी ठरेलही. पण औषधाला ‘रोगी बरा होतो का’ हा प्रश्न विचारायचा असतो आणि प्रयोगसाधनाला ‘तू नेमके कशाला हात लावतोस’ हा. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा दाखला दुसऱ्या परीक्षेत चालत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा सारा युक्तिवाद आठवी-नववीच्या वर्गातही दाखवता येतो. वाटीभर पाण्यात चिमूटभर कॉर्नफ्लोअर उकळून स्टार्चचे पातळ द्रावण करावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपलीच लाळ वापरावी. एका परीक्षानळीत लाळ व पाणी, दुसरीत लाळ व तेवढेच व्हिनेगर घेऊन पाच मिनिटे थांबावे. मग दोन्हींत स्टार्च घालून पंधरा मिनिटांनी आयोडिनचा थेंब टाकावा. पहिल्या नळीत निळा-काळा रंग येत नाही, दुसरीत येतो. व्हिनेगरने लाळेतील अमायलेज रोखले. मुलांना अनुमान लिहायला सांगावे. ‘व्हिनेगर हा अमायलेजचा विशिष्ट रोधक आहे’ असे एखादा हुशार विद्यार्थी नक्की लिहील.

आता बटाटा किसून दोन भाग करावेत. एक पाण्यात, दुसरा व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे ठेवावा. दोन्हींवर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावे. पाण्यातल्या किसावर फेस येतो, व्हिनेगरमधल्यावर तो बराच कमी असतो. येथे विकर वेगळे, कॅटलेज. तेव्हा ‘विशिष्ट’ हा शब्द खोडावा लागतो. खोडण्याची ही क्रिया विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने करावी.

शेवटी एक गंमत. व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरला तर? लिंबूही आम्ल, विकर थांबते, स्टार्च तसाच राहतो. तरीही निळा रंग येत नाही किंवा लगेच उडतो, कारण रसातील क जीवनसत्त्व आयोडिनचेच क्षपण करते. बेसावध विद्यार्थी लिहील, ‘स्टार्च पचला’. रेणूने विकरावर नव्हे, मोजण्याच्या साधनावरच परिणाम केला. हजारो रेणू एकदम तपासताना असे फसवे रेणू वारंवार वर येतात. २०१० साली जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी अशा उपद्रवी रचनांची एक यादीच प्रसिद्ध केली.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ‘अमुक विकराचा विशिष्ट रोधक’ असे शब्द कोठेही वाचले, मग ते शोधनिबंधात असोत, पाठ्यपुस्तकात असोत की आमच्यासारख्यांच्या लेखात, तर तीन प्रश्न विचारावेत. किती विकरांवर तपासले? किती मात्रेत आणि किती वेळ? आणि ते विकरच नसलेल्या पेशीत हा रेणू काय करतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ते विशेषण अनुमानाच्या रकान्यातही घेऊ नये. समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी उत्तर आणले की ते पक्के करता येईल किंवा खोडता येईल.